पाच डॉलरांची सायकल

गेल्या माघ महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलाचे पत्र आले. हा भाचा गेली वीसबावीस वर्षे कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहिला आहे. कोणाला नाणी जमविण्याचा नाद असतो, कोणाला जुन्या पोथ्यांचा; याला जुन्या डोंगरी सायकलींचा. ज्यांना तिकडे 'माउंटन बाइक' म्हणतात आणि आता आपल्याकडील मुलेही त्याच नावाने ओळखतात, त्या जातीच्या, परंतु तीस-चाळीस वर्षांपूर्वी घडविलेल्या बारा सायकली त्याच्या संग्रही होत्या. मोठे घर सोडून लहान जागेत जाण्याचा प्रसंग आल्यामुळे त्या विकणे त्याला भाग होते. विक्रीच्या जाहिरातीचा मसुदा पत्रासोबत होता आणि खाली एक ओळ : 'मामा, तुम्ही वकील आहात, यात काही अडचण येईल का, एवढे पाहून सांगा.'

मसुदा लहानच होता. प्रत्येक सायकलीचे नाव, साल, किंमत, आणि पुढे एक शब्द : 'मूळ'. बाराही सायकलींपुढे तोच शब्द. वकिलाची नजर जाहिरातीतील विशेषणांवर प्रथम जाते, हा आमच्या धंद्याचा दोष समजा वा गुण. वस्तूचे वर्णन करून ती विकली, म्हणजे वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, हे आपल्या १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या पंधराव्या कलमात आहे. आणि अमेरिकेतील व्यापारी संहितेतही विक्रेत्याने केलेले वर्णन व्यवहाराचा पाया ठरले तर ती त्याची स्पष्ट हमी मानली जाते. तेव्हा 'मूळ' म्हणजे काय, हे ठरविल्यावाचून उत्तर देता येईना. ते ठरविण्यासाठी या सायकलींचा इतिहास वाचावा लागला, आणि तो वाचता वाचता ध्यानात आले, की ज्या वस्तूचा जन्मच मूळ रूप मोडून झाला, तिच्यापुढे 'मूळ' हा शब्द लिहिणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे मरीन नावाचा परगणा आहे. त्यात टॅमलपैस नावाचा २,५७१ फूट उंचीचा डोंगर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने तो काही फार उंच नव्हे. परंतु त्याच्या अंगाखांद्यावर वणवा विझविणाऱ्यांच्या गाड्यांसाठी कापलेल्या कच्च्या वाटा सर्वत्र पसरलेल्या आहेत. १९७० नंतरच्या काही वर्षांत लार्कस्पर, फेअरफॅक्स, सान अन्सेल्मो या गावांतील तरुणांनी या वाटांवरून सायकली सोडण्यास आरंभ केला. सायकली कोणत्या? शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली सव्वीस इंची चाकांवर सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचे फुगीर टायर चढवून मुलांसाठी जी जड, दणकट सायकल बाजारात आणली, त्या घराण्यातील. 'एक्सेल्सिअर' हे त्यातील एक नाव. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांनी ती फुटपाथाच्या कडांवरून आदळावी आणि तरी ती मोडू नये, हा तिच्या रचनेमागील हेतू. १९७० च्या सुमारास अमेरिकेत दहा गिअरांच्या हलक्या सायकलींची लाट आली, तेव्हा या म्हाताऱ्या अवजड सायकली गॅरेजांच्या कोपऱ्यांत आणि भंगाराच्या ढिगांत जाऊन पडल्या.

जो ब्रीझ नावाच्या तरुणाने १९७३ साली सांताक्रूझ येथे १९४१ सालची अशी एक श्विन विकत घेतली, ती पाच डॉलरांस. हा ब्रीझ सायकलशर्यतींत भाग घेणारा आणि स्वतः सांगाडे जोडण्याचे काम शिकलेला होता. त्या पाच डॉलरांच्या सायकलीवर बसून तो टॅमलपैसच्या वाटेने उतरला आणि मग त्याला दुसरे काही सुचेनासे झाले. त्याचे सोबती ओटिस गाय, मार्क व्हेन्डेटी, गॅरी फिशर, चार्ली केली हे सर्व त्याच नादाचे.

या मंडळींनी त्या जुन्या सायकलींचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. मडगार्ड काढून फेकले. साखळीचे आवरण काढले. स्टँड, कॅरिअर, आणि दांड्यांमध्ये शोभेसाठी बसविलेली पत्र्याची खोटी पेट्रोलटाकी, हेही सर्व भंगारात गेले. युद्धपूर्व काळातील ज्या शोभिवंत वस्तू आज जपून ठेवल्या असत्या, तर त्यांच्यासाठी संग्राहकांनी मागेल ती किंमत मोजली असती, त्यांची ही मोडतोड! १९७४ च्या डिसेंबरात मिल व्हॅली येथे शेतांतून-चिखलांतून धावण्याच्या सायकलशर्यतीची स्पर्धा झाली. तेथे कुपर्टिनो गावची काही मुले आली होती. त्यांच्याही सायकली जाड टायरांच्या. पण त्यांना मागे गिअर बसविलेले आणि हँडलवर अंगठ्याने फिरवावयाचे खटके. मुले त्या दिवशी आली आणि गेली. परंतु मरीनच्या मंडळींनी जे पाहावयाचे ते पाहिले होते. त्यानंतर फिशरने आपल्या एक्सेल्सिअरला गिअर बसविले, जोडसायकलीचे ड्रमब्रेक बसविले, मोटारसायकलीच्या ब्रेकचे दांडे हँडलवर चढविले. आता मला सांगा, या सायकलीत 'मूळ' काय राहिले? दांड्यांचा सांगाडा आणि त्यावर खोदलेला क्रमांक, एवढेच.

या उद्योगाला स्पर्धेचे रूप आले २१ ऑक्टोबर १९७६ रोजी. फेअरफॅक्सजवळील कॅस्केड नावाच्या वाटेवर, सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली उतरणारी ही शर्यत. स्पर्धक एकामागून एक ठरावीक अंतराने सुटत आणि घड्याळ निवाडा करी. जुन्या सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये असे, पायडल उलटे मारले की लागणारे. उतारावर ते सतत दाबून धरावे लागत, हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात ताजे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत त्या भरण्याच्या क्रियेवरून शर्यतीला नाव पडले 'रीपॅक', आणि त्या वाटेलाही. पहिल्या दिवशी ॲलन बाँड्स जिंकला. कारण एवढेच की वाटेत न पडलेला तो एकटाच होता! १९७६ पासून १९८४ पर्यंत अशा चोवीस शर्यती झाल्या. सर्वांत कमी वेळ गॅरी फिशरचा, ४ मिनिटे २२ सेकंद. त्याखालोखाल ब्रीझचा ४ मिनिटे २४ सेकंद. परंतु चोवीसपैकी दहा शर्यती ब्रीझने जिंकल्या.

येथे मला चार्ली केलीचे विशेष कौतुक वाटते. एका संगीतमंडळाचे सामान वाहणारा हा माणूस. पण त्याला नोंद ठेवण्याची बुद्धी होती. कोण, कोणत्या दिवशी, किती सेकंदांत उतरला, हे सर्व त्याने वहीत लिहून ठेवले. पुढे १९८० पासून 'फॅट टायर फ्लायर' नावाचे नियतकालिकही त्याने सात वर्षे चालविले. पन्नास वर्षांपूर्वी डोंगरात धूळ खात उतरणाऱ्या काही पोरांबद्दल आज आपण तारीखवार बोलू शकतो, ते या वहीमुळे. आपल्याकडे कितीएक आखाडे, तालमी, नाटकमंडळ्या होऊन गेल्या. त्यांच्यातील एकाने जरी अशी वही ठेवली असती तरी आपले किती तंटे मिटले असते!

जुने सांगाडे या माराने तुटू लागले, तेव्हा केलीच्या सांगण्यावरून ब्रीझने नवा सांगाडा करावयास घेतला. १९७७ च्या शरदात पहिला 'ब्रीझर' तयार झाला. १९७८ च्या मध्यापर्यंत एकूण दहा झाले. क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या, वर निकेलचा मुलामा, आणि प्रत्येक भाग नवा. कोने मात्र त्याच जुन्या एक्सेल्सिअरच्या अंदाजाने घेतलेले. डोंगरासाठी म्हणून मुळापासून नवी बांधलेली सायकल ती हीच, असे या विषयातील जाणकार सामान्यतः मानतात. ब्रीझने पहिली स्वतःजवळ ठेवली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

यापुढील प्रकरण आम्हा वकिलांच्या आवडीचे. १९७९ साली केली आणि फिशर यांनी थोड्या भांडवलावर दुकान काढले. सांगाडे टॉम रिची हा कुशल कारागीर बांधून देई. दुकानाचे नाव त्यांनी ठेवले 'माउंटनबाइक्स', एकच जोडशब्द. पुढे त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी व्हावी असा अर्ज केला गेला, आणि तो फेटाळला गेला. जे नाव वस्तूचे केवळ वर्णन करते ते एका व्यापाऱ्याच्या मालकीचे होऊ शकत नाही, हे या कायद्यातील मूलतत्त्व. डोंगरात चालविण्याच्या सायकलीला डोंगरी सायकल म्हणणे हे वर्णनच नव्हे काय? नोंदणी झाली असती तर आज जगातील प्रत्येक कारखानदाराला दुसरे नाव शोधावे लागले असते. पुष्कळांनी काही वर्षे 'सर्व-भूमी सायकल' अशा अर्थाचे नाव वापरूनही पाहिले, पण लोकांच्या तोंडी ते बसले नाही. नाव सर्वांचे झाले आणि ज्यांनी ते दिले त्यांना त्यातून कवडी मिळाली नाही. १९८३ च्या सुमारास ही भागीदारीही मोडली. निकाल कायद्याने बरोबर होता असेच मला वाटते. पण बरोबर निकाल वाचून दर वेळी समाधान होतेच असे नाही.

रिचीने बांधलेली पूर्ण सायकल हजार डॉलरांच्या वर जाई. माइक सिन्यार्ड या व्यापाऱ्याने त्यांतील चार विकत घेतल्या, आणि त्या धर्तीची सायकल जपानातील कारखान्यात पुष्कळ संख्येने करवून घेतली. १९८१ साली त्याच्या स्पेशलाइज्ड कंपनीने ती 'स्टंपजंपर' या नावाने ७५० डॉलरांस विक्रीस आणली. त्यानंतरचा वेग कोणालाच आवरता आला नाही. १९८२ साली शिमानो या जपानी कंपनीने डोंगरी सायकलींसाठी 'डिओर एक्सटी' हा गिअर-ब्रेकांचा स्वतंत्र संच काढला, ज्याच्या सुट्या भागावर कोरलेले हरणाचे शिर पाहून संग्राहक आज भावाकुल होतात. १९९० साली कोलोरॅडोतील दुरांगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. रीपॅकच्या पहिल्या शर्यतीपासून मोजले तर अवघी वीस वर्षे.

वाढ इतकी झपाट्याची, की काल घेतलेली सायकल आज जुनी. पुढच्या दांडीत धक्के शोषणारे काटे आले, मग मागेही. वळणाऱ्या हँडलांऐवजी रुंद हँडले, कडेला घासणाऱ्या ब्रेकांऐवजी चकतीचे ब्रेक. शेवटी सव्वीस इंची चाकही गेले. एकोणतीस आणि साडेसत्तावीस इंची चाकांनी त्याला दुकानांतून हुसकावले. मग १९८० व १९९० च्या दशकांतील सायकली पुन्हा त्याच ठिकाणी जाऊन पडल्या, जेथून एक्सेल्सिअर निघाली होती : गॅरेजाचा कोपरा आणि भंगार. आणि तेथूनच माझ्या भाच्यासारख्या लोकांनी त्या उचलल्या. याच्या संग्रहात १९८३ ची एक स्टंपजंपर होती, सॉमरव्हिलच्या फॅट सिटी कारखान्याची 'यो एडी' होती, ॲल्युमिनियमच्या जाड नळ्यांची व इंद्रधनुषी रंगाची एक क्लाइन होती, आणि इतर.

आता पुन्हा त्या शब्दाकडे वळू. मी भाच्याला विचारले, 'मूळ म्हणजे तुझ्या मते काय?' तो म्हणाला, 'मामा, कारखान्यातून निघाली तशी.' मी विचारले, 'टायर?' तो गप्प. रबर कोणासाठी थांबत नाही; टायरच्या कडा तडकतात, ब्रेकचे गुटके दगडासारखे होतात. १९९० नंतरच्या धक्का शोषणाऱ्या काट्यांत रबरासारख्या पदार्थाच्या गोळ्या असत. पंचवीस-तीस वर्षांनी काटा उघडला, तर आत चिकट लगदा सापडतो. पोलादी सांगाड्यात ॲल्युमिनियमची सीटखालची दांडी वर्षानुवर्षे न हलविता राहिली, तर दोन धातूंच्या संगतीने गंज धरून ती अशी जखडते की कापून काढावी लागते. जुने ॲल्युमिनियमचे हँडल वरून आरशासारखे चकचकीत असूनही आतून शिणलेले असू शकते. हे सर्व दोष मूळपणाचेच आहेत! जी सायकल खरोखर 'मूळ' आहे तिच्यावर बसणे धोक्याचे, आणि जी बसण्याजोगी आहे ती पूर्णतः 'मूळ' नाही.

तेव्हा पुराव्याकडे वळणे आले. न्यायालयात साक्षीदारापेक्षा कागद बरा, आणि सायकल हा एक प्रकारचा कागदच आहे. वाचता आला पाहिजे इतकेच. पायडलांचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या बुडाशी सांगाड्याचा क्रमांक ठोकलेला असतो. शिमानोच्या जुन्या भागांवर मागील बाजूस दोन लहान अक्षरे असतात : पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. १९७६ साठी इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर, पुढे क्रमाने. म्हणजे १९८३ साठी आठवे, 'एच'. १९८३ च्या सायकलीवर १९८२ च्या अखेरचे भाग असणे स्वाभाविक आहे, कारण माल आधी तयार होऊन गुदामात पडतो. उलट १९८३ च्या सायकलीवर १९८६ चा भाग असेल तर तो नंतर कोणीतरी बसविला, यात वाद नाही. मी भाच्याला एक रविवार खर्ची घालून बाराही सायकली अशा वाचावयास लावले. पाच सायकलींवर 'मूळ' नसलेले भाग निघाले. दोनांची त्याला कल्पनाही नव्हती. ज्याच्याकडून घेतल्या त्यानेही 'मूळ' म्हणूनच विकल्या होत्या.

मालकीचा प्रश्न त्याहून नाजूक. चोराकडून घेतलेल्या वस्तूवर खरेदीदारास हक्क मिळत नाही, मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली असो आणि त्याचे मन निर्मळ असो. हे तत्त्व आपल्याकडे सत्ताविसाव्या कलमात आहे आणि तिकडेही तेच चालते. महागड्या सायकली चोरीस जाणे ही तर नित्याची गोष्ट. म्हणून कोणाकडून, केव्हा, किती रकमेस घेतली, हे जेवढे आठवेल तेवढे लिहावयास मी सांगितले. नऊ सायकलींचे सापडले, तिघींचे नाही.

आपल्याकडे तांब्यापितळेच्या भांड्यांवर नाव घालण्याची चाल होती. अमक्याने अमकीस दिले, शके अमुक. देवळातील समईवरही दात्याचे नाव असते. वाटणीच्या दाव्यांत अशा नावांचा आम्हाला किती उपयोग होतो ते सांगता पुरवत नाही. पण वाटणी झाल्यावर भाऊ भांडी वजनावर विकतात, आणि नावासकट सर्व भट्टीत जाते. सायकलींचे भट्टीत जाणे वेगळ्या रीतीने होते. सबंध सायकलीपेक्षा तिचे सुटे भाग वेगवेगळे विकले तर पुष्कळदा जास्त पैसे येतात : हरणाच्या शिराचा गिअर एकाला, ब्रेक दुसऱ्याला, सांगाडा तिसऱ्याला. प्रत्येक गिऱ्हाईक आपली सायकल 'मूळ' करण्यासाठी भाग शोधत असते, आणि एकीला मूळ करण्यासाठी दुसरी मोडली जाते.

मोठ्या संग्रहांचेही भवितव्य निश्चित नसते. नॉर्थ कॅरोलायनातील स्टेट्सव्हिल गावी जेफ आर्चर याने आपल्या सायकलदुकानातच डोंगरी सायकलींचे संग्रहालय उभारले होते, आणि जाणकारांत त्याला फार मान होता. २०१६ साली तो वारला. त्यानंतर त्यातील दोनशेंहून अधिक सायकली कोलोरॅडोतील एका पेढीने घेतल्या, जिचा व्यवसायच वापरलेल्या सायकली विकण्याचा होता. तिने त्या मोडल्या नाहीत, मांडून ठेवल्या, हे तिला भूषणावह. परंतु २०२४ साली ती पेढीच बंद पडली. यापेक्षा स्थिर व्यवस्था फेअरफॅक्सची म्हणावी लागेल. रीपॅकच्या त्या वाटेजवळच्या गावी २०१५ साली सायकलींचे संग्रहालय उघडले. तेथील वस्तूंची देखरेख जो ब्रीझनेच अंगावर घेतली. पण प्रत्येक भाच्याची प्रत्येक सायकल घ्यावयास कोणत्याही संग्रहालयात जागा नसते, आणि असावी असेही नाही.

असो. मसुदा आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला. 'मूळ' हा शब्द सर्वत्र काढला. त्याऐवजी प्रत्येक सायकलीखाली सांगाड्याचा क्रमांक, कोणते भाग त्या सालातले, कोणते नंतरचे, कोणते त्याने स्वतः बदलले आणि कोठून घेतली, हे स्पष्ट लिहिले. जेथे खरेदीचा कागद नव्हता तेथे नाही असे लिहिले. सुटे भाग विकणार नाही, सबंध सायकलच विकीन, ही अट त्याने आपण होऊन घातली. तीत माझा सल्ला नव्हता. यामुळे किमती उतरतील हे मी त्याला सांगितले होते, आणि त्या उतरल्या.

चैत्राच्या अखेरीस त्याचा निरोप आला. बारापैकी आठ गेल्या. क्लाइन एका गृहस्थाने भिंतीवर टांगण्यासाठी नेली. १९८३ ची स्टंपजंपर एका तरुण बाईने घेतली. क्रमांकांचा तो सगळा तपशील तिने लक्षपूर्वक वाचला, कागदाची घडी करून पिशवीत ठेवला, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की नवे टायर कोणत्या मापाचे लागतील. यो एडीची सीटची दांडी जखडलेली आहे असे जाहिरातीत लिहिल्यामुळे तिला अजून गिऱ्हाईक नाही. ती नव्या घराच्या व्हरांड्यात उभी आहे, आणि भाचा रोज संध्याकाळी तिच्यात थेंब थेंब तेल सोडतो आहे.